विद्यमान अध्यक्ष हरतो कशामुळे, आणि तो हरल्याने बदलतं काय?

पानगळ

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचा विषय निघाला की इथे दोन वाक्यं हमखास येतात. पहिलं, "महागाई भोवली." दुसरं, "कोणीही येऊ दे, काय फरक पडतो?" दोन्ही वाक्यं एकाच दमात म्हणणारेही आहेत. या विषयावर मी बरीच वर्षं वाचते आहे आणि मनापासून वाटतं की या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी सापडतात. म्हणून वेगळा धागा काढते आहे.

आधी कोण हरलं ते पाहू. १९०० नंतर पदावर असताना निवडणूक लढवून हरलेले अध्यक्ष सहाच आहेत: टाफ्ट १९१२, हूवर १९३२, फोर्ड १९७६, कार्टर १९८०, थोरले बुश १९९२ आणि ट्रम्प २०२०. ट्रुमन १९५२ मध्ये, जॉन्सन १९६८ मध्ये आणि बायडन २०२४ मध्ये रिंगणातून बाहेर पडले. त्यांचा हिशेब वेगळा, पण तिघांनाही वारं कुठे वाहतंय ते कळलं होतं.

या सहा जणांत सरळ दोन गट पडतात. टाफ्ट यांचा पक्ष सोळा वर्षं सत्तेत होता, हूवर आणि बुश यांचा बारा, फोर्ड यांचा आठ. म्हणजे लोक एका माणसाला जितके कंटाळले होते तितकेच एका पक्षाला. कार्टर आणि ट्रम्प यांची गोष्ट निराळी. त्यांचे पक्ष चारच वर्षांपूर्वी सत्तेत आले होते. अमेरिकी मतदार सहसा नव्या पक्षाला आठ वर्षं देतो. विसाव्या शतकात हा प्रघात मोडला तो फक्त कार्टर यांच्या वेळी. आणि आता २०२० आणि २०२४ अशा लागोपाठ दोन निवडणुकांत मोडला. माझ्या मते हा बदल फार मोठा आहे आणि त्याकडे पुरेसं लक्ष जात नाही.

आता मुद्द्यावर येते. अध्यक्षाला लोक ज्या गोष्टींसाठी शिक्षा करतात, त्यातल्या बऱ्याच गोष्टी त्याच्या हातात नसतात. आणि ज्या गोष्टी खरोखर त्याच्या हातात असतात, त्या मतदान करताना फारशा कोणाच्या मनात नसतात.

१९९२ घ्या. आखाती युद्ध संपलं तेव्हा, १९९१ च्या वसंतात, गॅलप या संस्थेच्या जनमत चाचणीत बुश यांना ८९ टक्के लोकांची पसंती होती. पुढच्या वर्षी जूनमध्ये बेकारी ७.८ टक्क्यांवर गेली. ऑक्टोबरमध्ये रिचमंडला वादविवाद झाला. तिथे प्रेक्षकांतल्या एका बाईने विचारलं, देशाच्या या कर्जबाजारीपणाची झळ तुम्हाला स्वतःला कशी बसली? नेमक्या त्याच वेळी कॅमेऱ्याने बुश यांना मनगटावरचं घड्याळ पाहताना पकडलं. ३ नोव्हेंबरला ते हरले. मंदी केव्हा सुरू झाली आणि केव्हा संपली हे ठरवणाऱ्या अर्थतज्ज्ञांच्या समितीने २२ डिसेंबरला जाहीर केलं की मंदी मार्च १९९१ मध्येच संपली होती! म्हणजे मतदान झालं तेव्हा मंदी संपून दीड वर्ष उलटलं होतं. नोकऱ्या मात्र परतल्या नव्हत्या, आणि लोकांच्या लेखी मंदी म्हणजे नोकरी नसणं. त्यात लोकांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

पण त्या मतांनी झालं काय? सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अध्यक्ष नेमतो, सिनेट मंजूर करते, आणि ते तहहयात राहू शकतात. थरगुड मार्शल हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. शाळांमधला वर्णभेद संपवणारा १९५४ चा खटला वकील म्हणून त्यांनीच लढवला होता. तब्येत खालावल्याने जून १९९१ मध्ये त्यांनी निवृत्ती जाहीर केली. तेव्हा बुश पुन्हा निवडून येणार याबद्दल जवळपास कोणालाच शंका नव्हती. त्यांच्या जागी ४३ वर्षांचे क्लॅरेन्स टॉमस आले, सिनेटमध्ये ५२ विरुद्ध ४८ मतांनी. मार्शल वारले २४ जानेवारी १९९३ ला. क्लिंटन यांचा शपथविधी होऊन तेव्हा चार दिवस झाले होते. मार्शल तेवढा काळ पदावर राहिले असते तर ती जागा क्लिंटन यांनी भरली असती. २००० सालच्या फ्लोरिडाच्या मतमोजणीच्या खटल्याचा निकाल पाच विरुद्ध चार असा लागला आणि धाकटे बुश अध्यक्ष झाले. त्या पाचांत टॉमस होते. गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेणाऱ्या २०२२ च्या निकालातही होते. आजही ते त्याच खुर्चीवर आहेत.

१९९२ मध्ये ओहायोतल्या बेकार कामगाराने मत दिलं ते नोकरीसाठी. त्या मताने पुढे दोन न्यायमूर्ती नेमले, गिन्सबर्ग आणि ब्रायर. "काय फरक पडतो" म्हणणाऱ्यांना माझं उत्तर हे आहे.

तुम्हाला काय वाटतं? विशेषतः तिकडे राहणाऱ्यांनी लिहावं.

शेवगा

उत्तम धागा. एक कारण राहिलं असं वाटतं: घरातली फूट. टाफ्ट यांच्याविरुद्ध त्यांचेच गुरू थिओडोर रूझवेल्ट उभे ठाकले आणि टाफ्ट चक्क तिसऱ्या क्रमांकावर गेले. युटा आणि व्हरमाँट या दोनच राज्यांची मिळून आठ इलेक्टोरल मतं (प्रत्येक राज्याच्या वाट्याची मतं, ज्यांवर अध्यक्ष ठरतो) पदरात पडली. फोर्ड यांना रेगननी पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या अधिवेशनापर्यंत झुंजवलं. कार्टर यांना टेड केनेडींनी, बुश यांना पॅट ब्युकॅननने आव्हान दिलं. सहापैकी चार जण आधी स्वतःच्या पक्षाशी लढून दमले होते.

ऑगस्ट १९८० चं न्यूयॉर्कचं अधिवेशन आठवा. कार्टर यांची उमेदवारी पक्की झाली आहे, मंचावर सगळे नेते गर्दी करून उभे आहेत आणि कार्टर केनेडींच्या मागे मागे जात आहेत, दोघांनी हात धरून उंचावल्याचा तो नेहमीचा फोटो मिळावा म्हणून. केनेडींनी हस्तांदोलन केलं, पण हात काही उंचावला नाही. देशाचा अध्यक्ष आपल्याच पक्षातल्या सिनेटरची अशी मनधरणी करताना लाखो लोकांनी टीव्हीवर पाहिला. त्यानंतर नोव्हेंबरात वेगळं काय व्हायचं होतं?

आडवाट

शेवगा, निरीक्षण बरोबर, पण मला कारण आणि परिणाम उलटे वाटतात. १९७९ च्या उन्हाळ्यात पेट्रोलसाठी रांगा लागल्या होत्या आणि कार्टर यांची लोकप्रियता रसातळाला गेली होती. म्हणून तर केनेडी पुढे आले. रेगन यांना १९८४ मध्ये किंवा क्लिंटन यांना १९९६ मध्ये पक्षातून कोणी का ललकारलं नाही? कारण ते मजबूत होते. ताप आहे म्हणून थर्मामीटरचा पारा चढतो.

पानगळताई, "हातात नसलेल्या गोष्टींची शिक्षा" यावर एक जुनं संशोधन आहे. जुलै १९१६ मध्ये न्यूजर्सीच्या किनाऱ्यावर शार्क माशांनी हल्ले केले, चार माणसं दगावली. ऐन हंगामात पर्यटक पळाले, हॉटेलं ओस पडली. ॲकन आणि बार्टेल्स या दोन राज्यशास्त्रज्ञांनी आकडे मांडून दाखवलं की नोव्हेंबरात किनाऱ्यावरच्या भागांत अध्यक्ष विल्सन यांची मतं घसरली. म्हणजे शार्कची शिक्षा विल्सनना! पण पुढे फाउलर आणि हॉल या दुसऱ्या दोघांनी तेच आकडे वेगळ्या रीतीने तपासले आणि हा निष्कर्ष टिकत नाही असं म्हटलं. विल्सन न्यूजर्सी हरले, देश जिंकले. मला स्वतःला दुसरी बाजू जास्त पटते. मतदार इतका आंधळा नसतो.

एडिसनकर

तिकडे राहणाऱ्यांनी लिहा म्हणालात म्हणून लिहितो. आमच्या न्यूजर्सीत मराठी मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत सध्या एकच विषय असतो, व्हिसा. त्यावरून अध्यक्षाचं वजन किती, हे रोज जाणवतं.

एच-वन-बी हा कुशल परदेशी नोकरदारांचा व्हिसा जन्माला आला तो १९९० च्या कायद्याने. सही थोरल्या बुश यांची, विधेयक सिनेटमध्ये मांडलं ते टेड केनेडींनी. म्हणजे वर ज्यांच्याबद्दल लिहिलंय ते दोघे. वर्षाला ६५ हजारांची मर्यादा तेव्हाचीच. क्लिंटन यांच्या काळात काही वर्षांपुरती ती १ लाख ९५ हजारांपर्यंत गेली आणि पुन्हा खाली आली. कुठल्याही एका देशाला ग्रीन कार्डांच्या सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही, ही अटही कायद्यातच आहे. त्यामुळे आमच्यातली माणसं क्लिंटन, बुश, ओबामा, ट्रम्प, बायडन, पुन्हा ट्रम्प असे सगळे अध्यक्ष बघत त्याच रांगेत उभी आहेत. रांग हलवायची तर काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, कायदा बदलायला हवा, आणि तो बदलत नाही. इथवर "काय फरक पडतो" हे वाक्य खरं आहे.

पण दुसरी बाजूही आहे. एच-फोरवर, म्हणजे एच-वन-बीवाल्यांच्या जोडीदारांच्या व्हिसावर, आलेल्या बायकांना, आणि काही नवऱ्यांनाही, २०१५ मध्ये काम करायची परवानगी मिळाली ती ओबामा सरकारच्या नियमामुळे. इंजिनिअर, डॉक्टर, सीए झालेल्या मुली वर्षानुवर्षं घरी बसून होत्या, त्या एका नियमाने कामाला लागल्या. उलट जून २०२० मध्ये ट्रम्प यांच्या एका उद्घोषणेने नव्या व्हिसावर येणं थांबलं आणि स्टॅम्पिंगसाठी, म्हणजे पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का घ्यायला, भारतात गेलेले लोक तिकडेच अडकले. मुलांच्या शाळा इकडे, घराचे हप्ते इकडे, आई-बाप पुण्यात. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरच्या शुल्काची उद्घोषणा झाली. शुक्रवारी बातमी आली आणि त्या शनिवार-रविवारी भारतात असलेल्या लोकांनी मिळेल त्या भावाने परतीची तिकिटं काढली. नंतर खुलासा आला की हे फक्त नव्या अर्जांना लागू आहे. तोवर ज्यांची झोप उडायची त्यांची उडाली होती.

अध्यक्ष रांग लहान करू शकत नाही, पण दार एका रात्रीत लावू शकतो. मोडणं त्याला सोपं, उभारणं अवघड. हे मी अनुभवाने सांगतो आहे.

कोकणकडा

एडिसनकर, शेवटचा परिच्छेद अगदी पटला.

पानगळ, तुमच्या मांडणीतल्या "हातात नसतं" याला माझा विरोध आहे. वॉटरगेट प्रकरणात राजीनामा दिलेल्या निक्सनना फोर्ड यांनी ८ सप्टेंबर १९७४ ला माफी दिली. ती सर्वस्वी त्यांच्या हातात होती. गॅलपमध्ये ७१ टक्क्यांवरून ५० वर आले. दोन वर्षांनी ओहायो ते अकराएक हजार मतांनी हरले. ओहायो आणि हवाई मिळालं असतं तर अध्यक्षपद टिकलं असतं. माफी दिली नसती तर अकरा हजार मतं सहज मिळाली असती असं मी ठामपणे म्हणेन. बुश यांनी १९८८ मध्ये नवे कर लावणार नाही असं छातीठोक सांगितलं आणि १९९० मध्ये लावले. तेही त्यांच्याच हातात होतं.

आणि २०२०? महामारी कोणी आणली नाही, मान्य. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात न्यूझीलंडमध्ये जसिंडा आर्डर्न प्रचंड बहुमताने निवडून आल्या. संकट तेच, हाताळणी वेगळी. लोक हाताळणीला मत देतात.

पानगळ

कोकणकडा, मुद्दा वजनदार आहे. फोर्ड यांचं उदाहरण मला नेहमी अस्वस्थ करतं. माफी हा त्यांचा निर्णय होता आणि त्याची किंमत त्यांनी मोजली. पण २००१ मध्ये केनेडी कुटुंबाच्या प्रतिष्ठानने धैर्याचा पुरस्कार दिला तो याच निर्णयासाठी. टेड केनेडी स्वतः म्हणाले की तेव्हा मी विरोध केला होता, आज वाटतं की फोर्ड बरोबर होते. अध्यक्षाच्या हातातल्या गोष्टींवरचा निवाडा मतपेटीत चार वर्षांत होतोच असं नाही. कधी पंचवीस वर्षं लागतात.

कार्टर यांच्याबाबत तर हे आणखी ठळक आहे. ऑगस्ट १९७९ मध्ये त्यांनी पॉल व्होल्कर यांना फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेच्या प्रमुखपदी नेमलं. महागाई मोडायची तर व्याजदर चढवावे लागतील आणि निवडणुकीच्या तोंडावर लोक भरडले जातील, याचा इशारा त्यांना सल्लागारांकडून मिळाला होता. तरी नेमलं. १९८० मध्ये महागाई साडेतेरा टक्के होती, बँकांचे दर वर्षअखेरीस २१ टक्क्यांच्या पुढे गेले. घरं बांधणाऱ्या कंत्राटदारांनी लाकडी फळ्यांचे तुकडे व्होल्करना टपालाने पाठवले, कारण घरं विकलीच जात नव्हती. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन फेडच्या इमारतीवर धडकले. १९८३ पर्यंत महागाई तीन-साडेतीन टक्क्यांवर आली आणि १९८४ मध्ये रेगन ५० पैकी ४९ राज्यं जिंकले. पेरलं कार्टरनी. त्यांच्यावर अन्याय झाला असं मला आजही वाटतं.

आडवाट

कार्टर यांचं सगळं श्रेय मान्य, पण ओलिसांचं विसरू नका. ४ नोव्हेंबर १९७९ ला इराणमध्ये तेहरानच्या अमेरिकी दूतावासात माणसं पकडली गेली, आणि मतदान नेमकं ४ नोव्हेंबर १९८० ला, वर्षश्राद्धाच्या दिवशी. वर्षभर टीव्हीचे वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट रात्रीच्या बातम्यांचा शेवट ओलिसांचा आज कितवा दिवस हे सांगून करत होते. एप्रिलमध्ये सुटकेची मोहीम वाळवंटात फसली, आठ सैनिक गेले. बावन्न माणसं ४४४ दिवसांनी सुटली ती रेगन यांची शपथ झाल्यावर काही मिनिटांत. महागाईशिवायही कार्टर वाचले नसते.

आणि त्या रात्रीची एक गोष्ट. कार्टर यांनी पराभव मान्य केला तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर मतदान संपायला तासाहून जास्त वेळ होता. आता जाऊन काय करायचं म्हणून त्यांच्या पक्षाचे मतदार घरीच थांबले, असं तिकडचे लोक कळवळून सांगत होते. ओरेगनचे अल उलमन, प्रतिनिधी सभागृहाच्या कर समितीचे अध्यक्ष, थोडक्यात हरले आणि त्याचा दोष अनेकांनी त्या घाईला दिला. सिनेट तर डेमोक्रॅटांच्या, म्हणजे कार्टर यांच्या पक्षाच्या, हातून गेलीच, पंचवीसहून अधिक वर्षांनी. अध्यक्ष एकटा पडत नाही, सोबत बरेच जण पडतात.

रातराणी

वाचते आहे, खूप माहिती मिळाली. १९९२ मध्ये अपक्ष उमेदवार रॉस पेरो यांनी बुशना पाडलं असं नेहमी ऐकते, त्यात तथ्य आहे का?

शेवगा

रातराणी, पेरो यांना जवळजवळ १९ टक्के मतं मिळाली, इलेक्टोरल मत एकही नाही. पण मतदान करून बाहेर पडणाऱ्यांना विचारलं तेव्हा त्यांचे मतदार दोन्ही बाजूंना साधारण सारखेच वाटले गेले असते असं दिसलं. तूट आणि करांवरून बुश यांच्यावर सतत हल्ला होत राहिला, हे नुकसान मात्र झालं.

पानगळच्या पहिल्या पोस्टमधला सलग दोनदा प्रघात मोडल्याचा मुद्दा पुढे नेतो. असा काळ पूर्वी एकदा आला होता. १८८४, १८८८, १८९२, १८९६ अशा लागोपाठ चार निवडणुकांत व्हाइट हाउसचा पक्ष बदलला. १८८८ मध्ये क्लीव्हलंड यांना देशभरात जास्त मतं होती, तरी न्यूयॉर्क निसटलं आणि ते हरले. १८९२ मध्ये परत आले. असं परतणं त्यानंतर ट्रम्प यांनाच जमलं. तेव्हाही दोन्ही पक्ष तुल्यबळ होते आणि चार-दोन राज्यांत फैसला व्हायचा. २०२० मध्ये ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन मिळून ४३ हजारांहून कमी मतांचा फरक होता. ती उलटली असती तर २६९-२६९ अशी बरोबरी झाली असती. म्हणून हल्ली "अमुक का हरला" याचं एकच कारण शोधण्यात मला अर्थ वाटत नाही. इतक्या कमी फरकात कुठलंही कारण पुरेसं असतं.

कोकणकडा

सहमत. २०२४ मध्ये तर जगभर सत्ताधाऱ्यांना फटका बसला. ब्रिटनमध्ये हुजूर पक्ष चौदा वर्षांनी गेला, जपानमध्ये सत्ताधाऱ्यांचं बहुमत गेलं, आपल्याकडे भाजप ३०३ वरून २४० वर आला. जून २०२२ मध्ये अमेरिकेत महागाई ९.१ टक्क्यांवर गेली होती. नंतर उतरली, पण म्हणून वस्तूंचे भाव मागे गेले नाहीत. अंड्यांचा भाव बघून मत देणाऱ्याला मी दोष देणार नाही.

एडिसनकर

न्यायमूर्तींबद्दल एक जोड. रूथ गिन्सबर्ग यांनी ओबामांच्या काळात, सिनेट डेमोक्रॅटांकडे असताना निवृत्त व्हावं असं त्यांच्या चाहत्यांपैकी अनेकांना वाटत होतं. त्या थांबल्या. १८ सप्टेंबर २०२० ला वारल्या. मतदानाला आठवडाभर उरला असताना, २६ ऑक्टोबरला, सिनेटने एमी कोनी बॅरेट यांच्या नावावर शिक्कामोर्तब केलं. ब्रायर यांनी हे पाहिलं होतं. जानेवारी २०२२ मध्ये, बायडन अध्यक्ष आणि सिनेट ५०-५० (बरोबरीत उपाध्यक्षांचं मत निर्णायक) असताना त्यांनी निवृत्ती जाहीर केली आणि त्यांच्या जागी केतांजी ब्राउन जॅक्सन आल्या. माझी मुलगी कायदा शिकते आहे. तिच्या वर्गात आता न्यायमूर्तींचं वय आणि सिनेटची निवडणूक यांची चर्चा एकत्रच होते. ती म्हणते, बाबा, अध्यक्ष कोण याइतकंच सिनेटमध्ये शंभरपैकी ५१ जागा कोणाकडे हेही धाग्यात लिहा. लिहिलं.